सुरतेचा खटला, बुलढाण्याचा जाब

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा झाली. वैधव्यात दिवस गेले, मूल झालं, आणि लोकलज्जेच्या भीतीनं तिनं ते मारलं, असा तिच्यावरचा आरोप. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेलं. तिथं फाशी टळली आणि त्या जागी जन्मभराची काळ्या पाण्याची शिक्षा आली. न्यायालयाच्या लेखी विषय संपला.

वर्तमानपत्रांच्या लेखी मात्र तो तेव्हाच सुरू झाला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’नं हे प्रकरण धरून एकूण स्त्रीजातीवरच कोरडे ओढले. विधवा कशा बिघडतात, चार अक्षरं शिकलेल्या बायका कशा सैल सुटतात, अशी टीका त्यात होती. एका बाईच्या गुन्ह्यावरून साऱ्या बायकांचा निवाडा झाला. त्याला उत्तर आलं ते पुण्यामुंबईच्या एखाद्या सुधारकाकडून आलं नाही. वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून एका मराठा घरातल्या बाईनं ते लिहिलं. ताराबाई शिंदे हे तिचं नाव आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे तिच्या पुस्तकाचं. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

व्हिक्टोरिया राणीच्या अमलात, तिच्या साम्राज्याच्या एका कोपऱ्यात लिहिलं गेलेलं हे पुस्तक जवळजवळ शतकभर कुणाच्या वाचनात नव्हतं. आज स्त्रीवादी विचाराचा आरंभ सांगताना त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. पण ज्या खटल्यातून ते जन्मलं तो खटला आणि ज्या शहरात तो चालला ते शहर, हे दोन्ही त्या आदरात एका ओळीपुरते उरतात. ते एका ओळीचे नाहीत.

सुरत हे काही सुधारणेचं वारं न लागलेलं गाव नव्हतं. उलट पश्चिम हिंदुस्थानात या वाऱ्याची पहिली झुळूक जिथं उठली त्या गावांत सुरतेचं नाव वरचं आहे. २२ जून १८४४ रोजी तिथं मानवधर्मसभा स्थापन झाली. जातिभेद, भूतपिशाच, मंत्रतंत्र यांच्याविरुद्ध उघड बोलणारी ही सभा दुर्गाराम मंछाराम मेहता या शिक्षकानं उभी केली, आणि तिच्या संस्थापकांत एक मराठी माणूस होता: दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी व्याकरणाचे हेच दादोबा त्या काळात सुरतेला शिक्षक होते. पुढं मुंबईत आल्यावर त्यांनी परमहंस सभा काढली, तिचं बी सुरतेच्या या सभेत शोधायला हवं. दुर्गाराम विधवाविवाहाचे कैवारी होते. त्यांच्यानंतरच्या पिढीत नर्मद आला. सुरतेच्या या कवीनं १८६० साली वैष्णव धर्मगुरू जदुनाथजी महाराजांशी विधवाविवाहावर जाहीर वाद घातला आणि पुढं स्वतः एका विधवेचा स्वीकार केला. तो ज्या धडाडीनं बोलला तसं बोलायला तेव्हाच्या मुंबईतही फार थोडे तयार होते.

सुरतेचा आणखी एक मान असा की गुजराती कादंबरी तिथंच जन्मली. ‘करण घेलो’ ही गुजरातीतली पहिली कादंबरी मानली जाते. ती १८६६ साली सुरतेच्या नंदशंकर मेहतांनी लिहिली. व्यवसायानं ते शाळेचे हेडमास्तर होते. राजा आपल्या प्रधानाच्या बायकोला पळवतो आणि त्या पापात त्याचं राज्य बुडतं, अशी ती कथा. त्याच साली महीपतराम रूपराम नीलकंठ या दुसऱ्या सुरतकरानं ‘सासु वहुनी लढाई’ लिहिली, आणि सुनेचा छळ कादंबरीच्या पानावर आणला. म्हणजे बाईवर होणारा अन्याय हा विषय सुरतेच्या लिहित्या माणसांना पुरता ठाऊक होता. कायदाही होता; १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याला १८८१ साली पंचवीस वर्षं झाली होती.

आणि तरी त्याच शहरात एका विधवेला मूल मारण्यावाचून वाट दिसली नाही. याचं कारण त्या वर्षांत शोधावं लागतं. दुर्गाराम १८७६ साली गेले होते. नर्मद जिवंत होता, पण त्याचं मन पालटलं होतं. ज्या सुधारणांसाठी तो लढला त्यांवरच त्याचा विश्वास उरला नव्हता आणि तो जुन्या धर्माकडे वळला होता. सभा, भाषणं, कादंबऱ्या, कायदा एवढं सगळं येऊन गेलं, आणि आळीतल्या, जातीतल्या माणसांची नजर होती तिथंच राहिली. विजयालक्ष्मीला भीती होती ती त्या नजरेची. कायद्यानं विधवेला लग्नाची मुभा दिली होती, पण तिच्याशी लग्न करणाऱ्याला जातीत ठेवायची सक्ती कुठल्याच कायद्यानं केली नव्हती. मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाह लावून दिले तेव्हा त्यांच्यावर आणि त्यांच्या साथीदारांवर बहिष्काराची वेळ आली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शिकलेल्या पुरुषांना जे झेपलं नाही ते एका विधवेला झेपायला हवं होतं, असं फाशी सुनावणारं जग धरून चाललं होतं.

असा खटला काही पहिलाच नव्हता. पुण्यात जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं. तिनं मूल मारलं, पकडली गेली आणि जन्मभर काळ्या पाण्यावर गेली. त्या घटनेनं हललेल्या जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा ठेवून जावं, अशी ती सोय होती, आणि तिच्या जाहिराती ब्राह्मण आळ्यांच्या भिंतींवर लागल्या होत्या. १८८४ साली सरकारला लिहून पाठवलेल्या मतात जोतीरावांनी तिथं आलेल्या विधवांची संख्या ३५ दिली आहे. एका घरात, एका गावात इतक्या. १८७५ साली पंढरपुरातही असंच गृह उभं राहिलं, आणि ते उभं करणारे लालशंकर उमियाशंकर हे गुजराती होते, तिथं न्यायाधीश म्हणून नेमलेले. पंढरपूरच का, हे समजायला फार डोकं लागत नाही. अडलेल्या विधवेला यात्रेच्या निमित्तानं घराबाहेर काढता येई, आणि परत येताना तिच्या कडेवर काही नसे. एका गुजराती न्यायाधीशाला जे महाराष्ट्रात दिसलं आणि ज्यावर त्यानं उपाय केला, तो उपाय सुरतेच्या विजयालक्ष्मीच्या हाताशी नव्हता.

विजयालक्ष्मीच्या नशिबी आलेला कायदा साहेबाचा होता, म्हणून साहेबाच्या देशात काय चाललं होतं तेही पाहायला हवं. तिथं आपलंच तान्हं मूल मारल्याबद्दल बाईला प्रत्यक्ष फाशी दिल्याचं शेवटचं उदाहरण १८४९ सालचं, रेबेका स्मिथचं. त्यानंतर न्यायाधीश काळी टोपी घालून शिक्षा सुनावत आणि गृहमंत्री ती रद्द करून कमी करत, असा जणू रिवाजच पडला. सुरतेत जे घडलं ते वरवर तसंच: आधी फाशी, मग वरून सूट. पण इंग्लंडात ही सूट यायला एका लांबलेल्या वादाची पार्श्वभूमी होती, आणि त्या वादात कादंबरीनं, विशेषतः बायकांनी लिहिलेल्या कादंबरीनं, मोठा वाटा उचलला होता.

१८३४ च्या नव्या गरीब-कायद्यात एक कलम होतं. लग्नाबाहेर झालेल्या मुलाचा सगळा भार आईवर, बापाला जवळजवळ हात लावायचा नाही, असा त्याचा अर्थ. फ्रान्सिस ट्रोलोप या लेखिकेनं १८४३ साली ‘जेसी फिलिप्स’ ही कादंबरी याच कलमावर रचली. शिवणकाम करून पोट भरणारी जेसी जमीनदाराच्या मुलाच्या शब्दावर विश्वासते, अडते, गरीबखान्यात जाते, आणि शेवटी बालहत्येचा आरोप तिच्यावर येतो. मूल खरं मारलेलं असतं त्याच्या बापानं, त्या जमीनदाराच्या मुलानं. पुढच्याच वर्षी, १८४४ ला, ते कलम सैल झालं. एका कादंबरीनं कायदा बदलला असं मी म्हणणार नाही. पण त्या वादात ती होती. फ्रान्सिस ट्रोलोप पन्नाशी उलटल्यावर लिहायला लागल्या, कर्जबाजारी नवऱ्याचा संसार लेखणीवर चालवला, तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, गिरण्यांतल्या मुलांवर आणि अमेरिकेतल्या गुलामीवर इतर अनेकांच्या आधी लिहिलं. आज त्यांची ओळख कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांची आई अशी राहिली आहे. १८५९ साली जॉर्ज एलियट यांची ‘अॅडम बीड’ आली. तिच्यातल्या हेटी सॉरेलला तान्ह्या मुलाच्या मृत्यूबद्दल फाशी होते आणि ऐन वेळी ती बदलून काळं पाणी होतं. सुरतेच्या खटल्याचा सांगाडा बावीस वर्षं आधी इंग्रजी वाचकांच्या कपाटात होता. तिथल्या वाचकानं हेटीचं मन तिच्या आतून पाहिलं होतं, तिची भीती वाचली होती. विजयालक्ष्मीचं मन असं कुणी पाहिलं नव्हतं.

मराठी कादंबरीनं ते पाहायला सुरुवात मात्र केली होती. १८५७ सालची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही आपली पहिली स्वतंत्र कादंबरी, आणि तिचा विषय विधवांची दशा हाच आहे. यमुना प्रवास करते आणि वाटेत एकेका विधवेची कहाणी ऐकते. मराठी कादंबरी विधवेच्या प्रश्नातून जन्मली, हे आपण किती वेळा आठवतो? पण तो धागा लगेच तुटला. १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ ला नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’. राजवाडे, उद्यानं, वेशांतरं, योगायोग, अपहरणं यांनी मराठी वाचक भारून गेला. त्या कादंबऱ्यांतल्या बायका एक तर विश्वास बसू नये इतक्या साध्वी, नाहीतर विश्वास बसू नये इतक्या कपटी. विजयालक्ष्मीसारखी घाबरलेली, साधी, चार भिंतींतली बाई त्या पानांत मावत नव्हती.

बुलढाण्यात बसलेल्या ताराबाईंनी ही पुस्तकं वाचली होती.

त्या १८५० च्या सुमाराला जन्मलेल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद, आणि स्वतः लिहिणारे. सुशिक्षित देशबांधवांना उद्देशून त्यांनी १८७१ साली इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली होती. चार भावांत ताराबाई एकटी मुलगी. भागात मुलींची शाळा नव्हती. वडिलांनीच त्यांना मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. लग्न लहानपणीच झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूलबाळ झालं नाही. कुळ मराठा, म्हणजे बायकांनी घराच्या आत राहायचं. आपण मराठ्यांच्या घरच्या रिवाजांत कोंडलेली, बाहेरचं जग न पाहिलेली बाई आहोत हे ताराबाई प्रस्तावनेतच सांगतात. आणि त्याच प्रस्तावनेनंतर त्या असा काही सूर लावतात की कोंडलेपणाचा मागमूसही राहत नाही.

बुलढाणा घाटमाथ्यावर आहे. तिथल्या उत्तर अंगाचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेवरून खाडीत जाते. बातमीचा प्रवास मात्र उलट दिशेनं आणि लांबच्या वाटेनं झाला: सुरतेहून मुंबई, मुंबईहून पुणे, पुण्याच्या छापखान्यातून वर्तमानपत्राच्या रूपानं वऱ्हाडात. वऱ्हाड तेव्हा निजामाकडून इंग्रजांकडे आलेला मुलूख, मुंबई इलाख्याच्या बाहेरचा. तिथल्या एका बाईनं सुरतेच्या अनोळखी, परजातीच्या, परभाषेच्या बाईचा अपमान आपला म्हणून घेतला. मला या पुस्तकातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. सुधारकांच्या सभांत ब्राह्मण विधवेचा प्रश्न ब्राह्मण पुरुष मांडत. सत्यशोधकांच्या सभांत ब्राह्मणांच्या वर्चस्वाचा प्रश्न बहुजन पुरुष मांडत. मराठा घरातल्या एका बाईनं ब्राह्मण विधवेसाठी लेखणी उचलावी, हे या दोन्ही मांडण्यांत न बसणारं होतं. ताराबाईंनी तर स्पष्ट दाखवलं की विधवेचं लग्न न करण्याचा रिवाज आता ब्राह्मणांपुरता उरलेला नाही. मान मोठा म्हणवणाऱ्या इतर घराण्यांनीही तो उचलला आहे.

पुस्तकाचा प्रश्न सरळ आहे. सगळा दोष बाईला का? जे दुर्गुण तिच्यात सांगता ते पुरुषात नाहीत का? स्त्रीची निंदा करणारा एक जुना संस्कृत श्लोक घेऊन ताराबाई त्यातला एकेक आरोप उलगडतात आणि एकेक पुरुषाच्या अंगी लावून दाखवतात. बायको मेली की दहाव्या दिवसाचं आटोपून नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं ठरतं; नवरा मेला की बाईचे केस जातात, दागिने जातात, चांगलं नेसणं जातं, मंगल कार्यात तिचं तोंड नको होतं. जीव दोघांचा सारखाच, तर मग हा नियम कुठल्या देवानं केला? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेवर पाऊल टाकलेला एखादा नवरा पुराणात दाखवा. बाईला वाईट मार्गाला आधी कोण नेतं, आणि मग नामानिराळा कोण राहतो? साहेबाचे बूट, साहेबाचा पोशाख, साहेबाचं खाणंपिणं घेताना धर्म बुडत नाही, मग विधवेच्या कपाळावर कुंकू आलं की तो कसा बुडतो?

ही भाषा कुठल्याही सभेत शिकलेली नाही. घरात, ओसरीवर, पाणवठ्यावर बायका आपापसात जशा बोलतात, म्हणींच्या आधारानं, एका दमात, मधेच पुरुषांकडे वळून थेट ‘तुम्ही’ म्हणत, तशी ती आहे. त्या काळचं छापील मराठी गद्य चिपळूणकरांच्या निबंधांच्या वळणावर घडत होतं. त्याच्या शेजारी ताराबाईंचं वाक्य ठेवलं तर व्याकरणाच्या दृष्टीनं ते विस्कळीत दिसेल, पण त्यातला श्वास खरा आहे. रागावलेलं माणूस जसं बोलतं तसंच ते छापलं गेलं. माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याच्या कुठल्याही निवडीत ही पानं असायला हवीत, केवळ विचारासाठी नव्हे, गद्य म्हणूनही.

आणि आता तो भाग, ज्याकडे ताराबाईंवर लिहिणारेही अनेकदा घाईनं पाहतात. ताराबाई कादंबऱ्यांवर बोलतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, चितळ्यांचं ‘मनोरमा’ नाटक, बायकांची कपटकारस्थानं रंगवणारं ‘स्त्रीचरित्र’, ही त्यांच्या वाचनातली पुस्तकं त्यांच्या खटल्यात येतात. त्यांच्या बोलण्याचा रोख असा, की या पुस्तकांतल्या बायका पुरुषांनी आपल्या मनानं रचल्या आणि मग त्याच बायका खऱ्या बायकांविरुद्ध साक्षीदार म्हणून उभ्या केल्या. बाई किती लबाड असते याचा पुरावा काय, तर गोष्टीतली बाई. ती गोष्ट लिहिली कोणी? पुरुषानं. असं खऱ्या घरात कधी घडलेलं पाहिलं का? नाही. तरी ‘पुणेवैभव’सारख्या पत्राचा वाचक सुरतेची बातमी वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात ही पुस्तकं आधीच शिरून बसलेली असतात, आणि विजयालक्ष्मीला तो त्यांच्या साच्यात बसवतो.

कादंबरीतल्या खोटेपणाविरुद्धचा हा आक्षेप नीतीच्या ठेकेदारांचा आक्षेप नव्हता. कादंबऱ्या वाचून बायका बिघडतात, अशी ओरड तेव्हा सर्रास होती. ताराबाईंचं म्हणणं नेमकं उलटं होतं: कादंबऱ्या वाचून पुरुष बिघडतात, त्यांना बायका दिसेनाशा होतात. हे १८८२ साली बुलढाण्यात बसून कुणाला सुचलं, याचं आश्चर्य मला अजून ओसरत नाही.

मग ताराबाईंनी स्वतः कादंबरी का लिहिली नाही, असं मनात येतं. मराठीत बायका कादंबरी लिहू लागल्या होत्या. साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ साली छापली गेली. मराठी स्त्रीनं लिहिलेली ती पहिली कादंबरी. ‘मंजुघोषे’च्या अद्भुताच्या वाटेवरचीच ती होती, आणि तिच्या लेखिकेचं नाव आज साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. नंतर काशीबाई कानिटकर आल्या. नवऱ्याच्या प्रोत्साहनानं घरातल्यांच्या चोरून वाचायला शिकलेल्या काशीबाईंनी आनंदीबाई जोशींचं चरित्र १८८९ साली लिहिलं आणि त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ साली पुस्तकरूपानं आली. काशीबाईंच्या पाठीशी पुण्यामुंबईचं सुशिक्षित वर्तुळ होतं, हरिभाऊ आपट्यांसारखा लेखकमित्र होता. ताराबाईंना बुलढाण्यात असं कुणी नव्हतं. कादंबरी लिहायला वेळ आणि वाचक लागतात, आणि पहिल्या पुस्तकाचं स्वागत माणसाला दुसऱ्याकडे नेतं.

ताराबाईंचं स्वागत झालं ते टीकेनं आणि टवाळीनं. सनातनी पत्रांकडून ते अपेक्षितच होतं. पण सत्यशोधकांच्या गोटातूनही या पुस्तकावर नाराजीचे सूर निघाले, हे अधिक लागणारं आहे. ब्राह्मणांच्या विरोधात समतेची भाषा बोलणाऱ्यांना घरातल्या समतेचा प्रश्न आला की अवघड वाटू लागलं. जोतीरावांनी मात्र ताराबाईंची बाजू घेतली. १८८५ साली काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख चिरंजीविनी असा, पोटच्या मुलीच्या मायेनं केला, त्यांच्या पुस्तकाची शिफारस केली आणि आपल्याच सहकाऱ्यांच्या टीकेला उत्तर दिलं. ‘सत्सार’च्या पहिल्या अंकात जोतीरावांनी पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू मांडली होती. त्या वर्षी महाराष्ट्रात दोन लिहिणाऱ्या बायकांच्या मागे उघडपणे उभा राहिलेला पुरुष एकच होता, आणि बालहत्या प्रतिबंधक गृह चालवणाराही तोच.

पंडिता रमाबाई १८८२ सालीच पुण्यात आल्या होत्या, आर्य महिला समाज त्यांनी त्याच वर्षी काढला. दोघींची पुस्तकं एकाच साली, एकाच शहरात छापली गेली. रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आणि ताराबाईंचं ‘स्त्रीपुरुष तुलना’. रमाबाईंचं तेव्हाचं पुस्तक बायकांना चांगलं वागायला शिकवणारं, म्हणून सुधारकांना रुचलं. ताराबाईंचं पुस्तक पुरुषांकडे हिशेब मागणारं. कुठल्या पुस्तकाला खरेदीदार मिळाले असतील हे वेगळं सांगायला नको.

ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. सुरतेचा प्रश्न मात्र दोन वर्षांत पुन्हा वर आला, आणि तोही एका सुरतकराच्या हातून. बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार सुरतेत वाढले, तिथल्या मिशन शाळेत शिकले. १८८४ साली त्यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवरची टिपणं प्रसिद्ध केली, सरकारनं ती मतांसाठी देशभर फिरवली, आणि पुढं संमतिवयाच्या कायद्यापर्यंत तो वाद गेला. फुल्यांचं काशीबाईविषयीचं निवेदन याच टिपणांवरचं मत म्हणून लिहिलेलं आहे. देशभरातल्या न्यायाधीशांची, शास्त्र्यांची, कलेक्टरांची मतं सरकारनं गोळा केली. दोन वर्षांपूर्वी एका बाईनं याच विषयावर पुस्तक छापलं होतं, त्याची त्या कागदांच्या ढिगाऱ्यात कुणाला आठवण झाली नाही.

पुढं कित्येक दशकं ‘स्त्रीपुरुष तुलना’ नाहीशीच झाली. पाचशे प्रतींचं पुस्तक, त्यातली काही विकली गेली असतील, काही घरांत वाळवीला गेली असतील. वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला जागा मिळाली नाही. ते टिकलं ते जोतीरावांच्या त्या एका उल्लेखात. डॉ. स. गं. मालशे यांनी धनंजय कीर यांच्यासोबत महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं, ते १९६९ साली प्रसिद्ध झालं. त्याच मालशे यांनी १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापलं. त्र्याण्णव वर्षांनी. १९९१ साली सूसी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रीलेखनाच्या इंग्रजी संकलनात त्यातला भाग घेतला, १९९४ साली रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी संपूर्ण इंग्रजी अनुवाद आणि प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मराठीत विलास खोले यांनी नवी संपादित आवृत्ती काढली. आता हे पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जातं.

तरी एक जागा अजून रिकामी आहे. मराठी कादंबरीच्या समीक्षेचा इतिहास सांगताना आपण काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या १८७२ च्या ‘नावल व नाटक’ या निबंधापासून निघतो आणि मग इतिहासाचार्य राजवाड्यांच्या १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधाशी येऊन थांबतो. काशिनाथ मराठे यांनी कादंबरीच्या उपयोगाचा आणि नीतीचा विचार केला, राजवाड्यांनी अद्भुत आणि वास्तव यांचा. या दोघांच्या मधे, १८८२ साली, ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांच्यावर तिसराच प्रश्न विचारला गेला होता: यातली बाई कुणी घडवली, आणि तिच्यापायी कुठल्या खऱ्या बाईला शिक्षा झाली? राजवाड्यांचा निबंध अभ्यासक्रमात लावताना ताराबाईंची ती पानं त्याच्या आधी लावायला हवीत, आणि त्या पानांच्याही आधी सुरतेचा १८८१ चा निकाल सांगायला हवा.